ईटकरांची पंगत

“बत्तीस वर्सांचा घोडा झाला, क्लबाचा कॅप्टन झाला, अन् अक्कल बघा याची!” नागम्मानं उलथनं तव्यावर आपटलं. “चार वाजता सामना, अन् हा चुलीपुढं येऊन मला सांगतोय, अव्वा, पाहुण्यांना होळगी कर. कशापायी? तर पुरणानं पोटं जड व्हावीत, अन् त्यांना पळता येऊ नये म्हणून!”

सून लक्ष्मम्मा पदराआड हसली. वीरप्पा उंबऱ्यातच थांबला. मुरुमच्या आडतीत त्याच्या शब्दाला मान होता, पण आईपुढं त्याचा आवाज नेहमीच बसायचा.

“हळू बोल की, अव्वा. ईटकर ओसरीवर हायत.”

“ऐकू दे. तुझ्या बापानं हा क्लब काढला, तवा असली शिकवण दिली न्हवती कुणाला.”

जिल्ह्याच्या फुटबॉलच्या ढालीसाठी तेरा वर्षं गावोगावचे क्लब झुंजत आले होते. ओळीनं तीन सालं जिंकेल त्या गावाची ढाल कायमची, असा कायदा. मुरुमनं दोन सालं मारली होती. आज तिसरं. आणि समोर ईट गावचा क्लब.

ईट म्हणजे कोंडीराम. मागच्या साली मुरुम जिंकलं खरं, पण त्या गड्यानं वीरप्पाला तीनदा चकवलं होतं. बावीस वर्षांचा, नांगरामागं चालून तयार झालेला. त्याच्या आठवणीनं वीरप्पाला आठ दिवस जेवण गोड लागलं नव्हतं.

“तुला ढाल पायजे न्हवं?” नागम्मानं विचारलं.

“पायजे.”

“मग कोठीतला गूळ काढ. तुपाचा डबा बी आण. अन् पंगतीला तू यायचं न्हाय.”

“कॅप्टनच्या घरी पाहुण्यांची पंगत बसणार अन् कॅप्टनच न्हाय? रीत काय म्हणंल?”

“रीत म्या बघते. तुझ्या तोंडावर समदं लिवलेलं हाय. जा, दुकानाच्या पायरीवर बस.”

वीरप्पा निमूट जाऊन बसला. थोड्या वेळानं शिजत्या डाळीचा वास आला, मग वेलदोड्याचा. त्याचा जीव भांड्यात पडला. आतून आईचा आवाज दारापर्यंत येत होता.

“वाढ गं लक्ष्मे, अजून वाढ. लाजू नका लेकरांनो, परमुलखात आल्यागत काय खाताय?”

“बास, आई,” कोंडीराम म्हणाला. “लई झालं आता.”

“गप. तुझ्या आईला काय सांगू, मुरुमला उपाशी ठिवला?”

अकरा जण हसले. पायरीवर वीरप्पाही मिशीत हसला.

चारला पेठेपलीकडच्या माळावर पाय ठेवायला जागा नव्हती. महायुद्धापायी चेंडूचा विलायती ब्लॅडर मिळत नव्हता. सायकलवाल्या ईरण्णानं जुन्यालाच तीन ठिगळं लावून चेंडू उभा केला होता. तहसीलदारसाहेब खुर्चीवर, ढाल त्यांच्यासमोर मेजावर. बायकांच्या गाड्या कडेला लागलेल्या, आणि पहिल्या गाडीत नागम्मा, मांडीवर हात ठेवून ताठ बसलेली.

शिट्टी झाली आणि कोंडीराम सुटला. वीरप्पा वाट बघत राहिला. आता धापा टाकंल, मग टाकंल. गडी काही दमेना. दहाव्या मिनिटाला त्यानं चेंडू जाळ्यात घातला. ईटकरांनी फेटे उडवले.

“वीरप्पा!” गाडीतून नागम्मा ओरडली. “पाहुण्याची वाट बघितल्यागत उभा काय ऱ्हायलास? पळ की!”

सगळा माळ हसला. वीरप्पाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो पळायला लागला तो रागानंच. डावीकडून आत, उजवीकडून बाहेर. कोंडीराम त्याच्या पाठीवर, वीरप्पा पुन्हा दुसऱ्या बाजूला. मध्यंतरापर्यंत गोल झाला नाही, पण कोंडीरामला त्यानं सगळं मैदान हिंडवलं.

उत्तरार्धात त्यानं बघितलं, कोंडीराम कुशीवर हात ठेवून वाकला होता. वीरप्पाच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. भोवलं एकदाचं पुरण! त्यानं चेंडू घेतला, दोघांना हुलकावणी दिली आणि मारला. बरोबरी. शेवटाला पाच मिनिटं उरली असताना पुन्हा तसाच सुटला. कोंडीराम मागून आला, पण हातभर मागंच राहिला.

दोनास एक. ढाल मुरुमची, कायमची.

हलग्या वाजवत गाव पेठेतून निघालं. दाराशी नागम्मा तबक घेऊन उभी होती. तिनं लेकाच्या कपाळाला विभूती लावली, ओवाळलं. डोळे भरले होते, मान मात्र तसूभर खाली आली नव्हती.

वीरप्पा तिच्या कानाशी वाकला. “अव्वा, ही ढाल तुझ्या पुरणाची.”

तिनं नुसतं आत बोट दाखवलं.

ओसरीवर ईटकरांची पंगत बसली होती. न्हाऊन-धुऊन, मांडी ठोकून. प्रत्येकाच्या पानात तुपात भिजलेली होळगी. कोंडीरामनं चौथीची घडी मोडली आणि वीरप्पाला बघून हसून हात जोडले.

“हे पुन्यांदा होळगी खायला बसले?”

“पुन्यांदा कुठलं? सकाळी भाकरी, पिठलं अन् ताक वाढलं त्यांना. होळगी पानात पडली ती आत्ताच.”

“मग तो कोंडीराम दमला कशानं?”

“तुझ्यामागं पळून,” नागम्मा म्हणाली आणि तुपाचं भांडं त्याच्या हातात दिलं. “वाढ त्याला. तुझ्यावर तुझाच भरवसा न्हवता, मुर्दाडा. माझा व्हता.”