इद्दत संपल्यावर

यामनाच्या तळहातांवरची मेंदी अजून काळपट ओली दिसत होती. काल तिची इद्दत, नवरा गेल्यावर घरातच पाळायचे चार महिने दहा दिवस, संपली. विधवेचे पांढरे कपडे धुऊन तिने दोरीवर टाकले आणि सकाळी कारखान्यात कामावर हजर होण्याआधी तिथल्या जुन्या सोबतिणीला, तामोला घेऊन वकीलबाईंकडे आली.

"मी शपथेवर सांगते," ती म्हणाली. "मासळीच्या डब्यांच्या भट्टीपाशी आम्ही दोघी होतो. मुकादमच ओरडला, 'तामो, भट्टी सोड, बर्फखान्यात जा.' म्हणून ती गेली. मासळी नासली, तेव्हा मेला म्हणतो, मी पाठवलंच नाही!"

वकीलबाईंनी चष्मा काढला. कामगार न्यायालयाने तामोला हलगर्जी ठरवलं होतं. अपिलाची मुदतही टळली होती. साफी बंदरातला एकही कारखाना आता तिला दारात उभं करत नव्हता.

"लल्ला तामो," त्यांनी अदबीने हाक मारून विचारलं, "ही तिथे होती हे तेव्हा ठाऊक होतं तुम्हाला?"

"न ठाऊक असायला काय झालं? खांद्याला खांदा लागत होता आमचा."

"मग हा पुरावा नवा नाही. अंतिम निकाल पुन्हा उघडायला तेव्हा हाती नसलेलं काही लागतं. तुम्ही तर हिचं नावही घेतलं नाहीत."

"नवरा नुकताच गेला होता तिचा."

"न्यायाधीशांनी जबानीला घरी माणूस पाठवला असता."

"तिचे डोळे सुकले नव्हते, आणि मी तिच्या पुढ्यात मालकाचा वकील नेऊन बसवू? बाई, शिकलात पुष्कळ, पण दुखवट्याला कधी बसला नाहीत वाटतं."

वकीलबाई रागावल्या नाहीत. "मीसुद्धा हेच केलं असतं," त्या म्हणाल्या. "पण का नाही बोलावलं, हे कायदा विचारत नाही."

जिना उतरताना यामना मध्येच पायरीवर बसली. तामोही तिच्याशेजारी टेकली.

"मला सांगायचंस तरी. तशीच आले असते मी, पांढऱ्या कपड्यांत."

"म्हणून तर नाही सांगितलं."

बंदराकडून भोंगा झाला. होड्या लागल्या की प्रत्येक कारखाना आपल्या भोंग्याने बायकांना बोलावतो. हा त्यांचाच होता. दोघी एकदम उठल्या, दोघींनी डोक्यावरचे रुमाल आवळले.

मग तामो पुन्हा खाली बसली, आणि यामनाला उतरायला वाट व्हावी म्हणून तिने पाय जवळ ओढून घेतले.