न पेटवलेले दिवे

“याला हात कुणी लावला?” मेणबत्ती लावायच्या उंच लाकडी खांबावर अंगठा फिरवत थेअरनं विचारलं. तो गावच्या संग्रहालयासाठी एल्ब्रिजच्या घरचे जुने दिवे न्यायला आला होता.

एल्ब्रिजनं वाकून पाहिलं. दोनशे वर्षांचा काळपट थर एका जागी झिजून लाकूड तुळतुळीत झालं होतं. व्हरमाँट राज्यातली जुनी कोठारं पालथी घालून त्यानं हे दिवे जमवले होते. कुणा शेतकऱ्यानं हिवाळ्यात चाकूनं तासलेले, कुणा लोहारानं उरल्यासुरल्या लोखंडातून ठोकलेले. त्याचा नियम कडक होता. पुसायचं नाही, पेटवायचं नाही, हात लावायचा नाही.

“एवढे दिवे जमवलेस, पण उजेड काही पाडला नाहीस,” त्याची बायको हेस्टर पाहुण्यांदेखत चिडवायची आणि हसत हसत गरम डोनट वाढायची. काय दिवस होते ते!

हल्ली ती घरात ठेचकाळायची. डोळ्यांचं विचारलं की फणकारायची, “डोळ्यांना काय धाड भरलीय? तुझ्या भंगारानंच घर अडलंय.” मुलगी आईला वृद्धाश्रमात न्यायला टपलेलीच होती. म्हणून एल्ब्रिजनं काळजावर दगड ठेवला आणि सगळे दिवे देऊन टाकायचं ठरवलं. वाट मोकळी झाली की हेस्टर पडायची नाही, घरातच राहील. आत्ता ती झोपली होती. उठल्यावर खूश होईल, असं त्याला वाटत होतं.

थेअरनं घरातल्या बोळातला चरबीचा दिवा उतरवला. त्याच्या लोखंडी दांड्यावरही तसाच गुळगुळीत डाग. जिन्याजवळच्या पत्र्याच्या दिव्यावर तसाच. स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेल्या कंदिलावरही. सगळे डाग एकाच उंचीवर.

“हेस्टरचीच करणी!” एल्ब्रिज करवादला. “फडकं मारत असणार. चाळीस वर्षं सांगतोय, पण पालथ्या घड्यावर पाणी.”

“आता काय करणार!” म्हणत थेअरनं दिवे गाडीत चढवले. गाडी उतारावरून निघून गेली. एल्ब्रिज रिकाम्या बोळात येऊन उभा राहिला. भिंतींवर नुसत्या खुंट्या उरल्या होत्या.

तेवढ्यात खोलीचं दार उघडलं. हेस्टरनं सवयीनं हात पुढे केला. तो हवेतच राहिला. खिडकीतून लख्ख ऊन आत आलं होतं आणि एल्ब्रिज तिच्यापुढे दोन पावलांवर उभा होता.

“एल्ब्रिज!” तो लांब परसात असावा तशी तिनं घाबरी हाक मारली. “अरे, दिवे कुठं गेले? आता मला स्वयंपाकघर कसं सापडायचं?”