बहिणीच्या दारापर्यंत

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती आणि आत एक आजी एकट्याच होत्या. लिफ्ट दुरुस्त करणारे दोघं होते, पण लोकांशी बोलायचं काम नेहमी त्यांतल्या एकाचं. आज तो आधीच गच्चीवर मोटारीपाशी पळाला आणि दुसऱ्या, बुजऱ्या कारागिराच्या वाट्याला बंद दार आलं.

"अरे, बोल ना काहीतरी," आतून आवाज आला. "तू गप्प झालास की माझ्या छातीत धडधडतं."

दुकानात साबण मागायचा तरी तो वाक्य तीनदा मनात घोकायचा. घाईघाईने तो तारांबद्दल बोलला, ब्रेकबद्दल बोलला. सगळं सांगून संपलं, तरी लिफ्ट हलेना.

"पुढे?"

"मला माणसांची भीती वाटते, आजी," त्याच्या तोंडून निघून गेलं. मग तो बोलतच सुटला. वर्गात हजेरी देताना आवाज फुटायचा नाही, ते. लोक दिसले की जिन्याने जातो, ते. "परवा बहिणीकडे पाहुणे होते. दारापर्यंत गेलो, बेलवर बोट ठेवलं, आणि..."

लिफ्ट हलली. दार उघडलं. समोर आजी उभ्या होत्या. त्याची मान खाली गेली, जीभ टाळ्याला चिकटली.

आजींनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग त्या जिन्याच्या पायरीवर त्याच्याकडे पाठ करून बसल्या.

"हं," त्या समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "बेलवर बोट ठेवलंस. मग?"