भूमिकेपुरता विसर

दवाखान्यातून घरी येताच श्रीरंग देवस्थळीने मुलीला, शाल्मलीला, हाक मारली. नव्या नाटकात त्याला मूल नसलेला माणूस साकारायचा होता. ते रितेपण खरं उतरावं म्हणून तालमींआधी त्याने शाल्मलीच्या सगळ्या आठवणी दवाखान्यात डोक्यातून काढून ठेवल्या होत्या. हल्ली बरेच नट असंच करत. नाटक गाजलं, आणि आज डॉक्टरांनी त्या आठवणी पुन्हा बसवल्या.

मधले महिने मात्र पुसले गेले नव्हते. ही आपली मुलगी, एवढं त्याला तेव्हा सांगितलेलं होतं. वाटत काहीच नव्हतं. तापाने फणफणलेली शाल्मली म्हणाली होती, "बाबा, जवळ बस ना." आणि त्याने शेजारच्या मुलीशी बोलावं तसं विचारलं होतं, "बाळ, तुझ्या आईला बोलावू का?"

शाल्मली दारात आली. तो गुडघ्यांवर बसला. "शालू, मला सगळं आठवलं गं. चुकलं माझं."

तिने आईकडे पाहिलं. मग पुढे येऊन हातभर अंतरावर थांबली आणि समजूतदारपणे म्हणाली, "असू दे. तुम्ही दमला असाल ना?"

आजवर तिने बापाला कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं.