बंदराचं रोजचं चित्र

"चित्र सुरेख झालंय, पण बंदर फारच सुनंसुनं दिसतंय," धक्क्यावर मांडलेल्या चित्राकडे पाहत जेट्टी बांधणाऱ्या कंपनीचे साहेब म्हणाले. "मी रोजचं बंदर काढायला सांगितलं होतं. ऑफिसात पाहुणे येतात. मासे उतरवणाऱ्या चार बायका टाका, दोन होड्या समुद्रात सोडा."

जयवंतीने ब्रश फडक्याला पुसला. ती याच कोळीवाड्यात जन्मलेली. समोर जे दिसलं तेच तिनं काढलं होतं. ऐन हंगाम, आभाळ निरभ्र, पाणी निवांत. आणि गावातल्या सगळ्या होड्या काठाला बांधलेल्या. बोंबील वाळवायचे बांबूसुद्धा रिकामे.

"रोजचंच आहे, साहेब. तुम्ही खाडीत पहिला खांब ठोकलात, त्याला आज अकरा दिवस झाले. तेव्हापासून गावानं एकही होडी सोडलेली नाही."

"भांडण चित्रात कशाला आणता?" साहेबांचा आवाज चढला. "त्या बायका रंगवणार आहात की नाही?"

"रंगवते की." तिनं चित्रातल्या मोकळ्या धक्क्यावर बोट ठेवलं. "जागा सोडून ठेवलीय. इथं माझी आई बसते, माशांची पाटी घेऊन. तुम्ही खांब उपटा, मी ब्रश ओला करते."