डाव्या कोपऱ्यातला खांब

वाचनालयाच्या नव्या इमारतीवरचा पडदा खाली आला आणि टाळ्या वाजता वाजता थांबल्या.

पुरात पडलेली इमारत घरं छापणाऱ्या यंत्राने चार दिवसांत पुन्हा उभी केली होती. जुने नकाशे सापडले नाहीत, म्हणून गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं ग्रुपवर टाकलेले फोटोच यंत्राला दिले होते. कमान तीच, जिना तोच, दाराशी कायम पसरलेलं कुत्रंसुद्धा सिमेंटमध्ये उतरलं होतं. पण डाव्या कोपऱ्यात दुमजली उंचीचा एक गुलाबी खांब होता. त्याला नख होतं.

"टिपणीसकाकांच्या सातशे फोटोंत हा आहे," यंत्र चालवणारी शलाका ओशाळून म्हणाली. "यंत्राला वाटलं, इमारतीचाच भाग. उद्या कापून टाकते."

नखाशेजारचा अडकित्त्याचा व्रण बघून टिपणीसकाकूंना हसू आवरेना. "अहो, किती वर्षं सांगतेय, फोटो काढताना अंगठा बाजूला घ्या म्हणून!"

काका शरमून गर्दीत मागे सरकले. तोवर पेपर वाचणाऱ्या दोन म्हाताऱ्यांनी अंगठ्याच्या सावलीत खुर्च्या ओढल्या होत्या.

"मुळीच कापायचा नाही," ग्रंथपाल कुंदाताई म्हणाल्या. "वर्गणी मागितली की सगळे या वाचनालयाला अंगठा दाखवतात. काकांनी तो देऊन टाकलाय!"

काकांना धीर आला. सगळ्यांना खांबासमोर उभं करून त्यांनी फोटो काढला आणि लगेच ग्रुपवर टाकला.

गर्दीतले सगळे मोबाइल एकदम वाजले आणि एकच हशा पिकला. फोटोत दोन अंगठे होते.