खांब

कोच आपल्या खेळाडूला दंडाला धरून घेऊन आला, तेव्हा दातांच्या डॉक्टरीणबाई जिन्याशी बसून बूट काढत होत्या. रविवार होता, दवाखाना बंद होता. पण त्या वरच्याच मजल्यावर राहत, आणि आत्ताच फुटबॉलचा सामना बघून परतल्या होत्या. गळ्यात संघाचा मफलर तसाच होता.

"डॉक्टर, समोरचा दात पडलाय याचा. मुळासकट."

"दात आणलात की मैदानात टाकून आलात?"

"त्याच्याजवळच आहे."

बाईंनी कुलूप काढलं, खेळाडूला खुर्चीत आडवं केलं आणि त्या बेसिनशी हात धुवायला लागल्या. तोंड मात्र त्यांना आवरेना. अकरा वर्षं त्या या संघाला लांबून शिव्या घालत होत्या, आणि आज संघच पायी चालत दारात आला होता.

"तुमच्या त्या नऊ नंबरला सांगा, माणूस आहेस की पतंग? वारा लागला की पडतोय! आणि तुम्ही हो? साठ मिनिटं झाली की घड्याळ बघून माणसं बदलता. आज तिन्ही बदली खेळाडू उतरवून मोकळे. पुढे कुणाचा पाय मोडला असता तर काय स्वतः उतरणार होतात, या पोटासकट?"

नवरा दिवा धरायला खाली आला होता. त्याने डोळे मोठे करून बघितलं. बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं.

कोच त्यांच्याकडे एकटक बघत होता. "हा आवाज ओळखीचा आहे. तिसरी रांग?"

"तिसरी रांग, मधली खुर्ची. मीच ती."

"पोरं तुम्हाला भोंगा म्हणतात."

"म्हणू देत. भोंगा वाजतो म्हणून तरी पळतात." बाईंनी हातमोजे चढवले. "आणि तुमचे ते नियम! दरवर्षी नवीन. गोल झाला तर आधी पडद्यावर तपासणार, तोवर आम्ही नाचायचं की नाही? यंदा एकच नियम शहाण्यासारखा केलाय. मैदानात औषध लावून घेतलं की तीन मिनिटं बाहेर उभं राहायचं. उगाच लोळणाऱ्यांची नाटकं बंद झाली."

कोच काहीतरी बोलणार होता, पण बाई तोवर खुर्चीकडे वळल्या होत्या. खुर्चीतला माणूस मागच्या फळीतला, चार नंबरचा. उंच, हाडकुळा, तिशी ओलांडलेला. त्याला 'खांब' हे नाव बाईंनीच ठेवलं होतं, आणि आता सगळं स्टेडियम त्याला त्याच नावाने हाका मारायचं.

"आणि तू रे खांबा? बाकीच्यांना ओरडून जागेवर ठेवायचं हे तुझं काम. दुसऱ्या हाफमध्ये तोंडात मूग धरून बसला होतास का? शब्द नाही! घसा बसला माझा तुझ्या वाटचं ओरडून. दे तो दात इकडे."

त्याने मान जराशी उचलली, जिभेने गाल आतून ढकलला आणि बाईंच्या तळहातावर अख्खा दात ठेवला.

दिवा हलला. बाईंनी दात दोन बोटांत धरून उजेडात बघितला. मूळ ओलं होतं, ताजं होतं.

"कधीपासून आहे हा तोंडात?"

"पन्नासाव्या मिनिटापासून," कोच म्हणाला. "कॉर्नरवर कोपर लागलं. मलाही सामना संपल्यावर कळलं. तेव्हाच सांगितलं असतं तर तुमचा तो शहाणा नियम होताच. तीन मिनिटं आमचे दहाच जण, आणि समोरचे अंगावर येतायत."

"आणि रक्त?"

"गिळलं," खांब म्हणाला.

बाईंनी सिरिंज भरली. भुलेचं इंजेक्शन दिलं, दात सलाईनमध्ये हलकेच हलवला, मुळाला बोट न लावता खाचेत बसवला आणि अंगठ्याने दाबून धरला. मग शेजारच्या दातांना बारीक तार चिकटवली. एवढा वेळ त्या गप्प राहिल्या, तसा नवऱ्याने दोनदा त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"खिशात ठेवला असतास तर सुकून कामातून गेला असता," शेवटी त्या म्हणाल्या. "तोंडात ठेवायचा हे कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही. चड्डीला खिसा नसतो."

नवरा हसला. बाईंना हसू आलं नाही. त्यांनी नॅपकिन ओला केला आणि त्याच्या हनुवटीवरचं वाळलेलं रक्त स्वतःच्या हाताने पुसलं. हे काम एरवी त्या पेशंटलाच सांगत.

"पंधरा दिवस मैदानात उतरायचं नाही. माझा शब्द म्हणजे शब्द."

भूल ओठात भिनली होती. त्याने बोटं वर करून आठ दाखवले.

"पंधरा!"

त्याने हात खाली घेतला आणि डोळे मिटले.

कोचने स्टूल ओढलं, खिशातून छोटी वही काढून उघडली आणि पेनासकट बाईंपुढे धरली. आवाजात टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता.

"दोन सामने आहेत, डॉक्टर. याच्या जागी कुणाला उभं करू? तुम्ही आम्हाला प्रत्येक सामन्यात बघता. सांगा."

बाईंनी पेन घेतलं. एक नाव आठवलं, मग दुसरं, मग तिसरं. पहिला चेंडूमागे धावत सुटतो, त्याची मोकळी जागा कोण भरतं? दुसरा घाबरला की मागे वळून बघतो, कुणाकडे बघतो? तिसऱ्याला तर प्रत्येक कॉर्नरला खांद्याला धरून जागेवर उभं करावं लागतं.

खुर्चीतल्या माणसाला झोप लागली होती. उंचीमुळे त्याचे पाय खुर्चीबाहेर आले होते. नवऱ्याने हळूच दुसरं स्टूल सरकवून ते वर ठेवले.

वही बाईंच्या मांडीवर उघडी होती. अजून कोरीच.